गाणी नकोत, अल्बम सांगा

मागच्या महिन्यात एका मुंजीत, ऐन पंगतीत, आमच्या पुतणीच्या मुलाने मला गाठलं. "आजोबा, तुम्ही म्हणे रॉक ऐकता! मला चांगली दहा गाणी सांगा ना, गाडीत लावायला." मी म्हटलं, "गाणी नाही सांगणार. अल्बम सांगतो, चारपाच." तर तो हसून म्हणाला, "एवढा वेळ कुणाला आहे, आजोबा?" शेजारी आमचे एक व्याही बसले होते. वर्षानुवर्षं सवाई गंधर्वला हजेरी लावणारा माणूस. मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत ते म्हणाले, "अहो, त्या धांगडधिंग्यात पहिलं काय नि शेवटचं काय, कुठूनही लावलं तरी सारखंच."

दोघांनाही तिथे उत्तर देता आलं नाही, कारण तेवढ्यात जिलबी आली. म्हणून इथे देतोय. दोघंही हे वाचतात, मला ठाऊक आहे. :-)

आधी माझी लायकी सांगून टाकतो. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, मराठी घेऊन बी.ए., आणि साताऱ्याकडच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी गाणं एकही धड ऐकलं नव्हतं. १९९७ साली मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला गेला. त्याच्या खोलीत बुटांच्या खोक्यांत चाळीसेक कॅसेट राहिल्या. काही विकतच्या, बाकीच्या मित्रांकडून भरून आणलेल्या, आणि प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं. घर फार गप्प झालं होतं. एका रविवारी दुपारी त्यातली एक काढून लावली, काही कळावं म्हणून नव्हे, त्याच्या खोलीत आवाज यावा म्हणून.

आमच्या टेपरेकॉर्डरचं पुढे पळवायचं बटण मोडलेलं होतं. आवडो न आवडो, एक बाजू पूर्ण ऐकायची, मग कॅसेट उलटायची. आज माझं जे काही मत आहे ते त्या मोडक्या बटणाने घडवलेलं आहे.

ती कॅसेट पिंक फ्लॉइडची 'विश यू वेअर हिअर'. १९७५ सालची. पहिलं गाणं सुरू झालं आणि कुणी गाईच ना. साधारण साडेआठ मिनिटं नुसती वाद्यं. मला वाटलं शब्द पुसले गेलेत! नंतर मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. या मंडळींचा एक मित्र होता, सिड बॅरेट. बँड उभा करण्यात त्याचाच मोठा वाटा. पुढे त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही आणि १९६८ साली तो बँडबाहेर पडला. हे लांबलचक गाणं त्याच्यासाठी आहे. आणि ५ जून १९७५ ला, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच गाण्याचं काम चालू असताना तो न सांगता येऊन उभा राहिला. अंग सुटलेलं, डोकं आणि भुवयासुद्धा भादरलेल्या. ज्याच्यासाठी गाणं केलं तोच समोर उभा, आणि जुन्या मित्रांना ओळख पटेना!

आता हे गाणं त्यांनी कसं ठेवलंय ते बघा. त्याचे नऊ भाग. पहिले पाच अल्बमच्या सुरुवातीला, उरलेले चार अगदी शेवटी. मध्ये तीन गाणी, त्यातली दोन थेट संगीताच्या धंद्यावरची: माणसाचं यंत्र कसं होतं, कंपनीवाले गोड बोलून कसे गिळतात. म्हणजे मित्राची आठवण काढायची, मग त्याला ज्या जगाने पिळून काढलं ते दाखवायचं, आणि मग पुन्हा त्याच्याकडे यायचं. तिसरं गाणं संपता संपता एकदम बारीक होतं, दूरच्या रेडिओतून आल्यासारखं. कुणीतरी रेडिओचं स्टेशन बदलतं, आणि त्याच रेडिओतून चौथं, म्हणजे अल्बमच्या नावाचं, गाणं सुरू होतं. हेच गाणं सगळ्यांच्या 'टॉप टेन'मध्ये असतं. सुटं लावलं की लोक म्हणतात, सुरुवातीला रेकॉर्डिंग खराब आहे का हो?

खराब रेकॉर्डिंग नाही, बाबांनो. तुम्ही दाराचा तुकडा घरी आणलाय आणि विचारताय याला बिजागरी कशाला.

शाळेत असताना माझं आयुष्य 'अपेक्षित प्रश्नसंचां'शी भांडण्यात गेलं. मुलं कादंबरीतला उतारा वाचायची, कादंबरी नाही. उताऱ्याखालचे पाच प्रश्न वाचायची, उतारा नाही. पालक म्हणायचे, "सर, मार्क मिळतायत ना!" आता निवृत्तीनंतर बघतो तर गाण्यांचेही अपेक्षित निघालेत. फोनमधलं यंत्र दहा गाणी काढून देतं, तीही पत्ते पिसावेत तशी पिसून. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण बदललं, गाणी पिसून न वाजता क्रमाने वाजायला लागली. अ‍ॅडेल काही रॉकवाली नव्हे, पण त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. गाणी ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने वाजावीत म्हणून एवढ्या मोठ्या गायिकेला सांगावं लागतं, याला काय म्हणायचं?

अर्थात आपली सवयही याला जबाबदार आहे. आपले कान सिनेमाच्या गाण्यांवर आणि 'आपली आवड'वर वाढले. एक गाणं, साडेतीन मिनिटं, फर्माईश करणाऱ्यांची नावं, पुढचं गाणं. जुन्या ७८च्या तबकडीत एका बाजूला तेवढंच मावायचं. १९४८ साली लाँग प्ले आली, एका बाजूला वीसबावीस मिनिटं मिळाली, तरी आपल्याकडे तिच्यात बहुतेक सिनेमाची सुटी गाणीच भरली गेली. तिकडे १९६०च्या दशकात काही पोरांना वाटलं, या वीस मिनिटांचं सलग काहीतरी करू. तो अल्बम.

आता व्याही. 'शब्द कळत नाहीत, नुसता आरडाओरडा' हा तुमचा आक्षेप. शब्दांसाठी मी वीरकरांची डिक्शनरी घेऊन बसलोय, तो भाग वेगळा. पण पिंक फ्लॉइडच्याच 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मध्ये पहिली बाजू जिथे संपते तिथे क्लेअर टॉरी नावाची बाई गाते. एकही शब्द नाही. नुसता आवाज, वर चढतो, फुटतो, आणि दमून हलका होत जातो. विषय मृत्यूचा. तिला त्या वेळी तीस पौंड मिळाले होते. पुढे तिने दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड झाली, रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. आलापीवर जीव टाकणाऱ्या माणसाने हे ऐकून शब्दांची तक्रार करावी? आणि विलंबित ख्याल कापून नुसता द्रुत ऐकवला तर तुम्ही उठून जाल की नाही? अल्बमवाल्यांनाही तेवढीच मुभा द्या.

माझा सगळ्यात लाडका अल्बम जेथ्रो टलचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', १९७२. (शिक्षक असल्यामुळे माझा पक्षपात होतो, मान्य.) यात गाणी नाहीतच. एकच रचना, चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास, आणि तबकडी उलटायची म्हणून तेवढा खंड. वेष्टन म्हणजे चक्क गावातलं वर्तमानपत्र, आत पानंच्या पानं खोट्या बातम्या. मुख्य बातमी अशी की आठ वर्षांच्या एका मुलाला कवितेचं बक्षीस मिळालं होतं, पण कविता परीक्षकांना खटकली म्हणून ते काढून घेतलं. सगळी रचना म्हणजे ती कविता. मुलगा काल्पनिक, पण असले परीक्षक मी स्नेहसंमेलनांत डोळ्यांनी पाहिलेत. (एकदोनदा मीच होतो.) यातून पुतणीच्या मुलाला गाडीसाठी कुठलं गाणं काढून देऊ?

बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' (१९६९) घ्याच. त्याच्या दुसऱ्या बाजूला गाण्यांचे अर्धेमुर्धे तुकडे एकमेकांत असे विणलेत की शिवण दिसत नाही. शेवटी तेवीस सेकंदांचं एक चिमुकलं गाणं येतं, 'हर मॅजेस्टी'. ते मुळात मधे होतं. पॉल मॅकार्टनीला तिथे नको वाटलं म्हणून कापलं, आणि स्टुडिओतल्या माणसाने टाकून न देता फितीच्या शेवटी जोडून ठेवलं. त्याचा शेवटचा सूर मागेच, पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला राहून गेला. म्हणून ते तोंडातला घास काढून घेतल्यासारखं संपतं. आजही ऐकताना मी त्या सुराची वाट बघतो.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१) यादीत घाला, त्याच्या वेष्टनावर बँडचं नावसुद्धा नाही. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते, तेव्हा यातलं एक गाणं त्यांनी इथल्या वादकांना घेऊन पुन्हा वाजवून पाहिलं. ते २०१५ मध्ये बाहेर आलं.

सगळेच अल्बम असे असतात असं मी म्हणत नाही. दोन बरी गाणी आणि आठ भरताड, असल्या कॅसेटही त्या खोक्यांत होत्या. चक बेरीसारखे लोक तर सुट्या तबकड्यांच्याच काळातले, त्यांची गाणी खुशाल सुटी ऐका. आणि वेळेचं म्हणाल तर रात्री दोन मालिका जाहिरातींसकट बघणाऱ्या घरात चव्वेचाळीस मिनिटं नाहीत हे मला सांगू नका.

पण मला लागलं ते निराळंच. गेल्या वर्षी मुलगा आला होता. माझ्या फोनवर त्याने सगळं बसवून दिलं. "बाबा, आता यात जगातलं सगळं आहे, त्या कॅसेट टाकून द्या." आणि सुरुवातीला कौतुकाने तेच गाणं लावलं, सिड बॅरेटवालं. पाचवा भाग संपला आणि पुढे भलत्याच बँडचं काहीतरी वाजू लागलं. मी विचारलं, "उरलेलं कुठाय?" तो म्हणाला, "उरलेलं? संपलं की." ज्याच्या अक्षरात त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर ते लिहिलेलं आहे, तो. मी खोलीत जाऊन कॅसेट आणली आणि दाखवली. बराच वेळ हातात धरून बसला होता. टेपरेकॉर्डर तेव्हा बंद पडलेला.

येत्या डिसेंबरात तो पुन्हा येतोय. परवाच टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, पट्टा नवीन टाकला, डोकं साफ केलं. दुकानदार म्हणाला, "काका, पुढे पळवायचं बटणपण तुटलंय, जुन्यातलं एक आहे, बसवून देऊ का?" म्हटलं, नको.