परक्या घराची जोखीम

परदेशगमन ही एके काळी संस्थानिकांची, बॅरिस्टरांची आणि बड्या व्यापाऱ्यांची मिरासदारी होती. आज मंगळवार पेठेतल्या साध्या बिऱ्हाडांतूनही कोणाचा मुलगा म्युनिकला असतो, कोणाची मुलगी न्यू जर्सीला असते. निवृत्त शिक्षक किंवा कारकून भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम बाजूला काढून महिना-दोन महिने त्यांच्याकडे जाऊन येतो. तिकडे गेल्यावर सर्वांनी मिळून चार दिवस तळ्याकाठी वा समुद्रकिनारी घर भाड्याने घ्यायचे, ही पद्धतही आता रुळली आहे. हॉटेलपेक्षा ते स्वस्त पडते आणि स्वयंपाकघर हाताशी असते. मात्र त्या परक्या घरात आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न निघण्यापूर्वी क्वचितच कोणी विचारतो.

विमा म्हटले की आपल्याला आठवते ते स्वतःवर येणारे संकट. शेंगेन गटातील युरोपीय देशांचा व्हिसा हवा असेल तर २००९ च्या व्हिसा संहितेनुसार किमान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतो. तो सक्तीचा म्हणून आपण मुकाट्याने घेतो. परंतु ही सक्ती प्रवाशाचे आजारपण, मृत्यू आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च एवढ्यापुरतीच आहे. कढईतले तेल पेटून स्वयंपाकघर जळाले, किंवा नळ उघडा राहून खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे छत भिजून कोसळले, तर त्या संरक्षणाचा काडीचा उपयोग नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? फ्रान्सच्या नागरी संहितेतील १७३३ वे कलम भाडेकरूला आगीबद्दल जबाबदार धरूनच चालते. आग आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने, बांधकामातील दोषाने अथवा शेजारच्या घरातून आली, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. जर्मनीच्या नागरी संहितेतील ८२३ वे कलम निष्काळजीपणाने दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्यावर भरपाईचे बंधन घालते आणि त्या रकमेला कमाल मर्यादा ठेवीत नाही. म्हणूनच तेथील सामान्य कुटुंबे सक्ती नसतानाही खाजगी दायित्वाचा विमा उतरवितात. आपल्याकडील १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही भाडेकरूने जागा होती तशी परत करावी, नैसर्गिक झीज आणि अनिवार्य आपत्ती तेवढी वगळावी, असेच सांगतो. तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. अपरिचित आहे ती त्याची परदेशी चलनातील किंमत. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात असताना २०,००० युरोंची मागणी म्हणजे वीस लाख रुपये. अनेकांच्या आयुष्यभराच्या ग्रॅच्युइटीइतकी ही रक्कम होते.

घर मिळवून देणाऱ्या कंपन्या संरक्षण देतात, अशीही एक समजूत आहे. एअरबीएनबीसारख्या कंपनीचे ते संरक्षण मुख्यतः यजमानासाठी असते. पाहुण्याने मोडतोड केली तर भरपाईची पहिली मागणी पाहुण्याकडेच जाते.

परदेश प्रवासाच्या बहुतेक भारतीय पॉलिसींत 'पर्सनल लायबिलिटी' नावाचा एक भाग असतो, हे खरे. पण त्यातील अपवाद वाचल्यावाचून निश्चिंत राहणे धोक्याचे. पॉलिसीधारकाच्या ताब्यात वा देखरेखीखाली असलेल्या मालमत्तेचे नुकसान अनेक पॉलिसी वगळतात. भाड्याने घेतलेले घर नेमके त्याच वर्गात मोडते! म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत कदाचित भरून मिळेल. आपण राहत होतो त्या घराची फरशी मिळेलच असे नाही. दुसरी अट याहून सूक्ष्म आहे. कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष कबूल करू नये वा भरपाईचे आश्वासन देऊ नये, असे या पॉलिसी बजावतात. आपल्या पेठेत एका भिंतीला दोन घरे असतात. आपल्या मोरीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरले तर "चुकलं आमचं, उद्या गवंडी लावतो" असे म्हणण्यात माणुसकी असते आणि वाद तेथेच मिटतो. तेच वाक्य परदेशात लिहून दिले तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. नुकसान लपवू नये, तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत. परंतु रकमेची बोलणी कंपनीवर सोपवावीत, हा नवा शिष्टाचार शिकणे भाग आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दायित्वाचा विमा ही मोठी समंजस व्यवस्था आहे. एकाला बुडविणारी हानी हजारांच्या लहान हप्त्यांत वाटली जाते आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दुसऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून राहावे लागत नाही. आपल्या देशाने हे तत्त्व टप्प्याटप्प्याने स्वीकारले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणि पुढे १९८८ च्या कायद्याने रस्त्यावरील तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा केला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९९१ साली धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांवर तशीच सक्ती आली. गाडी आणि कारखाना यांपलीकडे, नागरिकाच्या रोजच्या वागण्यातून उद्भवणाऱ्या जबाबदारीचा विचार मात्र आपल्याकडे रुजलेला नाही.

येथे विमा नियामक प्राधिकरणाला करण्यासारखे बरेच आहे. २०२० साली 'आरोग्य संजीवनी' या नावाने सर्व कंपन्यांसाठी समान शर्तींची आरोग्य पॉलिसी आली. परदेश प्रवासासाठीही तशी एक प्रमाणित पॉलिसी असावी आणि तीत भाड्याच्या घराचे दायित्व स्पष्ट शब्दांत समाविष्ट व्हावे. तिचा सारांश एका पानात, मराठीत, पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती पडावा. तोवर प्रवाशाने विकणाऱ्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत: भाड्याचे घर समाविष्ट आहे काय, रक्कम किती, आणि पहिला किती भाग आपण सोसायचा? उत्तर न मिळाल्यास दुसरी कंपनी शोधावी.

परमुलखात आपण पाहुणे असतो. पाहुण्याने घर मोडले तर ते भरून देण्याची तजवीज त्याच्यापाशी असावी, यात यजमानाचा हक्क आहे आणि पाहुण्याची अब्रूही.