आलेख बदलला, म्हणून टाकी उघडायची?

उपकेंद्राजवळ शॉर्टसर्किट झाले की पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. वाइंडिंगवरचे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्या दणक्याने वेटोळी दबतात, सरकतात, कलतात. बाहेरून काही दिसत नाही. तेलातील वायूंची तपासणीही अनेकदा निर्दोष येते. अशा वेळी टाकी उघडावी की पुन्हा चार्ज करावे?

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स चाचणीचे समर्थक म्हणतात, टाकी न उघडता आत डोकावण्याचा हाच मार्ग. वेटोळ्यांचा आकार बदलला की त्यांचे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स बदलतात. 20 हर्ट्झपासून एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंतच्या आलेखात शिखरे व दऱ्या सरकतात. कॅनडात डिक आणि अर्वेन यांनी 1978 मध्ये दाखवलेली ही संवेदनशीलता आजही वादातीत आहे.

परंतु संवेदनशील साधन निरुपद्रवी फरकही टिपते. टॅप वेगळा असला, अर्थिंगची जोडणी बदलली किंवा टाकीत तेल नसले, तरी आलेख हलतो. आधी डीसी रोधचाचणी केली असेल, तर गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वाने कमी फ्रिक्वेन्सीचा भाग सरकतो. आयईसी 60076-18 या 2012 च्या मानकाने मोजणीची शिस्त घालून दिली. अर्थ लावण्याबाबत मात्र परिशिष्टात केवळ मार्गदर्शन आहे. लीकेज रिअॅक्टन्स मोजण्याच्या चाचणीचे पुरस्कर्ते याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात: त्यांच्याकडे एक आकडा आहे, आणि शॉर्टसर्किट चाचणीच्या मानकात, नेहमीच्या वर्तुळाकार वाइंडिंगसाठी, 100 एमव्हीएपर्यंत दोन टक्के व त्यापुढे एक टक्का अशी मर्यादाही. निर्णयासाठी ठरलेली मर्यादा हवी, ही त्यांची मागणी रास्त आहे. मात्र स्थानिक वाकण्याने तो आकडा फारसा हलेलच असे नाही.

म्हणून केवळ आलेखावरून ट्रान्सफॉर्मर बाद ठरवू नये. पण बदललेला आलेख बाजूला सारून तो चार्जही करू नये. दोन्ही चाचण्या एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर पुरवठा आणखी काही दिवस बंद राहिला तरी टाकी उघडावी. त्यांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर आधी जोडण्या तपासून, गाभा विचुंबकित करून मोजणी पुन्हा घ्यावी.

खरी उणीव चाचणीत नाही, जुन्या आलेखाच्या अभावात आहे. मूळ आलेख नसेल तर शेजारच्या फेजशी किंवा त्याच बनावटीच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरशी तुलना करावी लागते, आणि तिथेच अनुभवी अभियंत्यांतही मतभेद होतात. नवा ट्रान्सफॉर्मर ताब्यात घेताना, जागेवर तेल भरल्यानंतरचा आलेख टॅप व जोडणीच्या नोंदीसह हाती आल्याशिवाय स्वीकृतीवर सही करू नका.