आजारी माशाची तपासणी जिल्ह्यातच हवी

उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा, नळगंगा, पेनटाकळी या धरणांचं पाणी खाली जातं, तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. रोहू, कटला, मृगळ अशा वेळी अशक्त होतात. एरवी त्याच पाण्यात निमूट राहणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू मग डोकं वर काढू शकतो. परांच्या बुडाशी लाली, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले, अंगावर जखमा. मासेमारीवर पोट असणाऱ्या भोई बांधवांना ही लक्षणं समजावून सांगावी लागत नाहीत.

मात्र जखम दिसते, तोवर आत बराच घात होऊन गेलेला असतो. माशांच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते. त्यांच्या बहुतेक रोगप्रतिकारक पेशी डोक्यामागे, मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशीही तिथल्याच. एरोमोनास एरोलायसिन नावाचं विष सोडतो. त्याचे सात रेणू पेशीच्या आवरणावर कडं करून बसतात आणि आरपार भोक पाडतात. क्षार-पाण्याचा तोल जातो, पेशी संपते. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी मांगूर माशावर २०१२ साली प्रसिद्ध केलेलं काम तर आणखी अस्वस्थ करणारं आहे. या जिवाणूचा संसर्ग झालेल्या भक्षक पेशी स्वतःलाच संपवणारी यंत्रणा सुरू करतात, असं त्यात दिसलं.

म्हणूनच अंदाजाने प्रतिजैविक आणून खाद्यात कालवणं घातक आहे. औषध जिवाणू मारेल, मेलेल्या पेशी परत आणणार नाही. शिवाय फार आजारी मासा खाणंच सोडतो. औषध जातं धडधाकट माशांच्या पोटात, उरलेलं पाण्यात. त्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला माती तपासून मिळते, तर मत्स्यपालकाला मासा का नाही? मेलेला मासा उन्हात काही तासांत कुजतो, मग मूळ रोगजंतू ओळखणं अवघड होतं. नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय इथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. बुलढाण्यातच छोटी, बारमाही तपासणीची सोय शासनाने करावी.

तोवर मत्स्यपालकांनी मेलेले मासे लगेच काढून चुन्यासह पुरावेत, आजारी मासा जिवंत असतानाच मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं आणि तपासणीशिवाय प्रतिजैविकाला हात लावू नये.