चहातील मोती आणि भाकरीचे आधण

पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ‘बबल टी’ नावाचे एक पेय मिळते. दूध घातलेला थंड, गोड चहा, तळाशी काळसर चिवट गोळ्या आणि त्या ओढून घेण्यासाठी रुंद नळी, असा त्याचा थाट असतो. १९८० नंतरच्या दशकात ते तैवानमध्ये निघाले. ताइचुंग आणि ताइनान या शहरांतील दोन चहागृहे त्याच्या जन्माचा मान आपापल्याकडे घेतात. हे पेय घरी करावयाचे म्हटले, की तयार गोळ्यांचे महाग पाकीट मागवण्याकडे मन धावते. माझे म्हणणे असे, की हा चहा घरी एकदा जरूर करावा. मात्र पाकीट न आणता, आणि प्रयोगवहीत नोंदी करून.

या गोळ्या ज्या पिष्टापासून करतात, ते आपल्या घरात आधीच आहे. शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला मानणाऱ्या आपल्या माण तालुक्यात सोमवारचा उपवास आणि साबूदाण्याची खिचडी कोणास ठाऊक नाही? भारतात साबूदाणा टॅपिओका म्हणजेच कसावा या कंदापासून होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. साबूदाण्याचे कारखाने मुख्यतः तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात आहेत. तेथे कंद किसून, पाण्याने धुऊन त्यातील पिष्ट वेगळे काढतात, ओलसर पिष्टाचे दाणे वळतात आणि ते भाजून किंवा वाफवून वाळवतात. बबल टीमधील ‘मोती’ हे साबूदाण्याचेच थोरले भावंड होय.

कृती सोपी आहे. कोरडा साबूदाणा दळून चाळून घ्यावा. अर्धी वाटी पिठास पाव वाटी गूळ आणि पाव वाटीहून थोडे कमी पाणी घ्यावे. गूळ-पाणी चांगले उकळू द्यावे, ते उकळते असतानाच पिठावर ओतून चमच्याने ढवळावे आणि हात लावण्याजोगे झाले की मळावे. वाटाण्याहून लहान गोळ्या वळून भरपूर उकळत्या पाण्यात सोडाव्यात. वीस-पंचवीस मिनिटांनी एक गोळी कापून पाहावी. मधला पांढरा ठिपका गेला, म्हणजे ती शिजली. मग गोळ्या थंड पाण्यातून काढून, गुळाच्या पाकात घालून चहात सोडाव्यात. उकळते पाणी हाताळताना घरातील मोठे माणूस जवळ असावे. लहान भावंडांना मात्र या गोळ्या नळीने देऊ नयेत, कारण त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

आता प्रश्न असा, की पाणी उकळतेच का हवे? पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. कसाव्याचे पिष्ट साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला पोचले, की कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि चिकट व पारदर्शक होतात. या चिकटपणाने उरलेले पीठ बांधले जाते. कसाव्याच्या पिष्टात अमायलोपेक्टिन या फांद्या असलेल्या रेणूंचे प्रमाण सुमारे ८० टक्के असते, म्हणून गोळी चिवट होते. गोळ्या रात्रभर थंड ठेवल्या तर पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येऊन जुळतात आणि गोळी कडक, पांढरट होते. शिळा भात टणक होतो, तोही याच कारणाने.

ही युक्ती आपल्याकडे तैवानहून आलेली नाही. बाजरीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली, की भाकरी थापताना चिरते. अशा वेळी आपल्या आया-आज्या पिठात आधणाचे पाणी घालतात. गव्हातील ग्लूटेन बाजरीत नसते, म्हणून पीठ बांधून धरण्याचे काम गरम पाण्याने फुगलेल्या पिष्टावर सोपवावे लागते. मोत्याचे रहस्य ते हेच!

यावर कोणी म्हणेल, की हे तर स्वयंपाकघरातले काम, त्यास विज्ञान कसे म्हणावे? नुसत्या करण्यास म्हणता येणार नाही, हे खरे. काय करावे हे आजीला माहीत असते. का, हे शोधणे विद्यार्थ्याचे काम. एकाच डब्यातील बाजरीच्या पिठाचे तीन सारखे भाग घ्या. एक थंड, एक कोमट आणि एक उकळत्या पाण्याने मळा. बाकी सारे तसेच ठेवा. थापताना कडेला किती चिरा पडतात ते मोजा आणि लिहा. एक गोष्ट बदलणे, मोजणे आणि नोंदवणे, एवढे केले की चूल प्रयोगशाळा होते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की अशा नोंदींना प्रयोगवहीत मानाचे पान द्यावे. उपकरणे अपुरी असलेल्या शाळेत ‘विज्ञान शहरात असते’ अशी समजूत मुलांची होते. ती सर्वांत मोठी हानी होय, कारण तिच्यामुळे मूल प्रश्न विचारणेच सोडून देते.

नोंदवहीत आणखी दोन रकाने असावेत. पहिला आहाराचा. १०० ग्रॅम साबूदाण्यातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात, पण प्रथिने जेमतेम ०.२ ग्रॅम, तेवढ्याच बाजरीत ती सुमारे ११ ग्रॅम आणि हुलग्यात २२ ग्रॅम असतात. वर गूळ वा साखर आहेच. तेव्हा हे पेय क्वचित चाखण्याचे आहे, रोजचे नव्हे. दुसरा रकाना पाण्याचा. माण हा पर्जन्यछायेचा तालुका. गोळ्या उकळण्यास, धुण्यास आणि भांडी विसळण्यास किती तांबे पाणी लागले, ते लिहा. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही नोंद चवीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. असा हिशेब मांडून हा चहा पिणे वा न पिणे ज्याने स्वतः ठरवले, त्याला विज्ञान समजले असे मी म्हणेन.