काखेतील ग्रंथी आणि हिरवा उजेड

स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा प्रथम काखेतील लसिकाग्रंथींत शिरतो. पूर्वी या ग्रंथी सरसकट काढल्या जात. परिणामी अनेक महिलांना हाताची कायमची सूज सोसावी लागे. अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळालेले इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचल्यास अवरक्त कॅमेऱ्यात पहिल्या एक-दोन ग्रंथी चमकतात. तेवढ्याच काढून तपासल्या जातात. त्या निर्दोष ठरल्या तर उरलेल्या वाचतात. किरणोत्सारी द्रव्याची सोय नसलेल्या रुग्णालयांना ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र हे द्रव्य केवळ लसिकेचा मार्ग दाखवते, कर्करोग नव्हे. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. त्यामुळे कॅमेरा घेणाऱ्या रुग्णालयाने कुशल पॅथॉलॉजिस्टचीही तरतूद करणे अपरिहार्य आहे.