टेलिफोनची तार आणि फसवी सरासरी

'आता सगळेच डिजिटल झाले, मग प्रवर्धकाचा तो जुनाट प्रयोग कशाला?' असे तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात. उत्तरासाठी टेलिफोनच्या तारेकडे जाऊ या.

बोलण्यासाठी या तारेवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुरत असे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या 'एडीएसएल' पद्धतीने त्याच तांब्याच्या जोडीवर सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतचे तरंग चढवले. (भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये सुरू केलेली 'डेटावन' सेवा याच जातीची.) माहितीचे शून्य-एक दोनशेहून अधिक वाहक तरंगांवर वाटतात आणि त्या तरंगांची बेरीज एक प्रवर्धक तारेवर ढकलतो. त्याला लाइन ड्रायव्हर म्हणतात. म्हणजे तारेवर शून्य-एक नसतातच. असतो तो सतत बदलणारा विद्युत्-दाब!

आता गणित करा. दूरध्वनी केंद्रातून तारेवर जाणारी सरासरी शक्ती सुमारे ०.१ वॅट आणि तारेचा रोध १०० ओहम धरा. दाबाचे प्रभावी मूल्य येते ३.२ व्होल्ट. किती किरकोळ काम! पण क्वचित अनेक तरंगांची शिखरे एकाच क्षणी जुळतात. तेव्हा दाब पाचपटीहून वर, सुमारे १७ व्होल्टपर्यंत जातो आणि त्या क्षणाची शक्ती भरते जवळजवळ ३ वॅट. असे शिखर कोटी क्षणांत एखादे. मग छाटून टाकले तर? छाटलेल्या तरंगातून नव्या वारंवारता जन्मतात आणि इतर वाहकांवरची माहितीही बिघडवतात.

शिवाय परावर्तन टाळण्यासाठी ड्रायव्हरपुढे तारेइतकाच रोध जोडतात. त्यात निम्मा दाब जातो, म्हणून तयारी हवी ३४ व्होल्टांची. साध्या मांडणीत ०.१ वॅट पोहोचवायला सुमारे ०.८५ वॅट घ्यावे लागतात; बाकीची बहुतेक उष्णता. दोघांच्या भातासाठी रोज लग्नाचे पातेले चुलीवर चढवावे, तसे हे. एकाच कपाटात शेकडो लाइनी असल्या, की ही उष्णता बाहेर कशी काढायची हाच मोठा प्रश्न होतो. यावर अभियंत्यांनी दोन वीजपुरवठे योजले: एरवी कमी दाबाचा, शिखर आले की तेवढ्यापुरता जास्त दाबाचा.

आम्ही शिक्षक परीक्षेत विचारतो ती मात्र सरासरी शक्ती! हे मला अपुरे वाटते. तांब्याची जागा आता बऱ्याच ठिकाणी प्रकाशतंतूने घेतली, हे खरे. पण ४जी मोबाइलच्या मनोऱ्यावरील प्रवर्धकालाही अशीच अनेक वाहकांची बेरीज पेलावी लागते.

म्हणून शिक्षकांना विनंती, की प्रवर्धकाचा प्रयोग एका तरंगावर उरकू नये. १,००० आणि १,३०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र द्या, ऑसिलोस्कोप जोडा आणि पातळी हळूहळू वाढवा. शिखरे सपाट होऊ लागली, की ध्वनिक्षेपकातून ७०० आणि १,६०० हर्ट्झचे, कोणीही न दिलेले स्वर येऊ लागतील.