दस्तरखान : ईदसाठी भरलेली कोंबडी

जोगेश्वरीत ईदला पाहुणे रात्रीपर्यंत येत राहतात. एक कोंबडी सगळ्यांना पुरावी म्हणून आम्ही तिच्यात सारण भरतो.

साहित्य : पाव किलो खिमा किंवा चिकन सॉसेज, 200 ग्रॅम मशरूम, 4 शिळे पाव, 2 कांदे, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड, मीठ.

सॉसेजच्या पाकिटावर हलालची खूण पाहा. वरचे आवरण कशाचे आहे तेही वाचा. काही आवरणे डुकराच्या आतड्याची असतात. खात्री नसेल तर खिमाच बरा.

मशरूम चिरून सुटलेले पाणी आटेपर्यंत परता, नाहीतर सारण गिचका होते. मग कांदा, मसाला आणि खिमा पूर्ण शिजवून त्यात पाव कुस्करा.

सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा, पण कोंबडीत भरून ठेवू नका. कच्च्या कोंबडीचा रस पावात मुरतो आणि बाहेरून लाल झालेली कोंबडी आतून कच्ची राहू शकते. भाजण्याच्या वेळीच सैलसर भरा. सारणाच्या मधोमध 74 अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. घरात लहान मुले, गरोदर सून किंवा म्हातारी माणसे असतील, तर सारण वेगळे गरम करून बाजूला वाढा. चव कमी होत नाही.